क्लेम करावा की करू नये?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळच्या मिस्साला निघायला उशीर होत होता. आम्ही दोघे घरात तयारीत होतो. तेवढ्यात अंगणाच्या बाजूने काहीतरी जोरात घासल्याचा आवाज आला आणि लगेच सगळे शांत झाले. बाहेर येऊन पाहतो तो आमची गाडी फाटकात तिरकी अडकलेली, आणि आमचा मुलगा स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसाच बसलेला. उशीर होतोय म्हणून त्याने खिळ्यावरची चावी घेतली होती आणि गाडी रस्त्यावर काढून ठेवायला तो एकटाच निघाला होता. समोरचा बंपर फाटला होता, डावीकडचे मडगार्ड आत गेले होते आणि खांबाचा चुना गाडीला लागला होता. कोणाला इजा झाली नाही, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानले आणि रिक्षाने चर्चला गेलो.

मुलगा १९ वर्षांचा. हातात शिकाऊ परवाना, तोही दोन महिन्यांपूर्वीचा. गाडीला 'एल'ची पाटी नव्हती आणि शेजारी कोणी बसलेले नव्हते. चूक त्याची होतीच, पण चावी खिळ्यावर टांगून ठेवणारे आणि "अंगणातल्या अंगणात चालव, काही होत नाही" असे त्याला सांगत आलेले आम्हीच होतो.

सोमवारी गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक ओळखीचा. एकदा भर पावसात, रात्री बारा वाजता, हायवेवर बंद पडलेली आमची गाडी त्याने सुरू करून दिली होती, तेही जास्तीचा एक रुपया न घेता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, कागदावर आकडे मांडले आणि म्हणाला, "साडेचौदा हजार होतील. पण अंकल, तुम्ही कशाला खिशातून भरता? विमा आहे ना? क्लेम टाकू. गाडी तुम्ही चालवत होता एवढंच लिहा. मागच्या दाराचा जुना पोचाही त्यातच बसवून देतो. गाडी नवी होऊन जाईल."

त्याच्या बोलण्यात कपट नव्हते. त्याला आमचे पैसे वाचवायचे होते. म्हणूनच ते ऐकताना आम्हाला काही खटकलेही नाही. "घरी बोलून सांगतो," असे म्हणून आम्ही निघालो.

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही विम्याचे कागद काढून बसलो. आमच्यापैकी अनेकांच्या घरी ही वेळ येऊन गेली असेल किंवा पुढे येईल, म्हणून तो हिशेब इथे थोडा सविस्तर मांडतो.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्यासाठीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा प्रत्येकाला सक्तीचा आहे. दुसरा, आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा. हा ऐच्छिक असतो, आणि बंपरचा खर्च या दुसऱ्या भागातून मिळतो. वर्षभरात या भागाखाली एकही क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी त्याच्या हप्त्यात सूट मिळते. तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर ५० टक्के. एक जरी क्लेम केला, तरी ही सूट साधारणपणे पुन्हा शून्यावर येते.

आमच्या गाडीला सव्वापाच वर्षे झाली होती आणि आम्ही ५० टक्क्यांवर पोहोचलो होतो. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता सुमारे ८,००० रुपये, म्हणजे आम्ही ४,००० भरत होतो.

आता बिलाकडे पाहू. नवा बंपर ४,००० रुपये, मडगार्ड ३,०००, रंगकाम ६,००० आणि मजुरी १,५००, असे एकूण १४,५००. हे सगळे कंपनी देत नाही. प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, म्हणजे बंपरचे २,००० मिळाले असते. पाच वर्षांहून जुन्या गाडीच्या पत्र्यावर ४० टक्के कापतात, म्हणजे मडगार्डचे १,८०० मिळाले असते. रंगकामाच्या रकमेतला चौथा हिस्सा सामानाचा धरून त्यावर निम्मा घसारा लागतो, म्हणजे तिथे ७५० कमी होऊन ५,२५० मिळाले असते. मजुरी पूर्ण १,५००. ही बेरीज १०,५५०. त्यातून प्रत्येक क्लेममागे मालकाने स्वतः सोसायचे १,००० रुपये वजा होतात (१,५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना हा आकडा लागू आहे, त्याहून मोठ्यांना २,०००). हाती उरले असते ९,५५० रुपये.

आणि गमावले काय असते? पुढच्या वर्षी सूट शून्य, म्हणजे ४,००० जास्त. त्यानंतर ५० ऐवजी २० टक्के सूट, म्हणजे २,४०० जास्त. मग अनुक्रमे २,०००, १,२०० आणि ४०० जास्त. हप्ता तेवढाच राहील आणि मध्ये दुसरा क्लेम होणार नाही असे धरले, तर पाच वर्षांत एकूण १०,००० रुपये. गाडी जुनी होते तसा हप्ता थोडा उतरतो, त्यामुळे हा आकडा काहीसा कमी होईल. पण दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते. आपण गाडी विकून नवी घेतली तर ती सूट सोबत नेता येते, आणि नव्या गाडीचा हप्ता मोठा असल्यामुळे तिथे ५० टक्क्यांची किंमतही मोठी होते. ज्यांनी 'झिरो डेप' घेतले असेल किंवा बोनस सुरक्षित ठेवण्यासाठी जादा रक्कम भरली असेल, त्यांचे आकडे वेगळे येतील. आमच्याकडे यातले काहीच नव्हते.

थोडक्यात, ९,५५० मिळवायचे आणि १०,००० च्या आसपास घालवायचे. आम्ही पेन खाली ठेवले आणि सुटकेचा श्वास टाकला. क्लेम करण्यात अर्थच नव्हता. चालक म्हणून कोणाचे नाव लिहायचे, हा प्रश्नही आपोआप मिटला.

मुलगा इतका वेळ दाराशी उभा होता. तो म्हणाला, "पप्पा, हिशेब उलटा आला असता तर? मग माझं नाव लिहिलं असतं का तुमचं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तर कोणालाच देता आले नाही.

हा लेख त्या न दिलेल्या उत्तराबद्दल आहे.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करू. क्लेम करणे यात काहीही वावगे नाही. काही सज्जन माणसांना वाटते, की लहानसहान नुकसानीसाठी कंपनीकडे हात पसरणे बरे दिसत नाही. पण विम्याचा पैसा ही भीक नव्हे. पूर्वी वादळात शेजाऱ्याच्या घरावर माड कोसळला तर आळीतली माणसे बोलावण्याची वाट न पाहता जमत. कोणी कौले आणी, कोणी बांबू, कोणी दोन दिवस राबत असे. उद्या आपल्या घरावर माड पडला तर हीच माणसे येतील, हा भरवसा त्यामागे होता. विमा म्हणजे तीच गोष्ट, फक्त अनोळखी माणसांमध्ये आणि कागदावर. हजारो लोक थोडेथोडे पैसे एका ठिकाणी ठेवतात आणि ज्याच्यावर वेळ येते त्याला त्यातून सावरतात. एकमेकांचा भार वाहा, असे संत पॉल गलतीकरांना सांगतो. त्या अर्थाने विमा हे भार वाटून घेण्याचेच एक साधन आहे. म्हणून खरे नुकसान झाले असेल आणि खरी हकिगत लिहिली असेल, तर आपल्या हक्काचे पैसे निःसंकोच घ्यावेत. आणि हिशेब पाहून क्लेम न करण्याचे ठरवले, तर त्यातही काही थोर त्याग नाही. तो केवळ शहाणपणाचा व्यवहार आहे.

पण या व्यवस्थेचा पाया एकच आहे. माड कोणाच्या घरावर पडला हे आळीला डोळ्यांनी दिसत असे. विम्यात तसे दिसत नाही. सर्व्हेयर फार तर बंपर पाहू शकतो. स्टीअरिंगवर कोण होते, कधी आणि कसे लागले, हे त्याला आपल्या शब्दावरूनच कळते. म्हणून विम्याच्या कायद्यात दोन्ही बाजूंनी पूर्ण खरेपणा ठेवण्यावर इतका भर आहे. क्लेम फॉर्मवरचा 'चालकाचे नाव' हा रकाना म्हणूनच महत्त्वाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ३ प्रमाणे शिकाऊ परवानाधारकाच्या शेजारी पक्का परवाना असलेली आणि गाडी आवरू शकेल अशी व्यक्ती बसलेली असावी लागते आणि गाडीवर 'एल'ची पाटी असावी लागते. हे पाळले असेल तर शिकाऊ चालकाच्या हातून झालेले नुकसानही विम्यात बसते. आमच्या मुलाच्या बाबतीत यातले काहीच पाळले गेले नव्हते. म्हणजे त्याचे नाव लिहिले असते तर क्लेम बसत नव्हता, आणि क्लेम बसवायचा असता तर त्याचे नाव लिहिता येत नव्हते. आमच्यासमोरचा खरा पेच हा होता. आम्ही मात्र तो आकड्यांखाली झाकून ठेवला होता.

अशा वेळी मनात जी उत्तरे उभी राहतात, ती आमच्याही मनात आली. ती एकेक करून तपासून पाहू.

पहिले उत्तर, "पाच वर्षे आपण हप्ते भरले, एक पैसाही घेतला नाही. मग आता थोडे परत घेतले तर काय बिघडले?" ऐकायला हे रास्त वाटते. पण ते पैसे आपण बँकेत ठेव म्हणून ठेवलेले नव्हते. त्या पाच वर्षांत आपल्याला निर्धास्त झोप मिळाली, आणि आपले पैसे ज्यांची गाडी खरोखर चिरडली गेली त्यांच्या कामी आले. आळीतल्या कोणाच्या घरावर माड पडला तेव्हा आपण दोन दिवस राबलो, म्हणून आपल्या घराला काहीही झाले नसताना आळीला बोलावून माडी बांधून घेता येत नाही.

दुसरे उत्तर, "कंपन्या तरी कुठे सरळ असतात? बारीक अक्षरांत अटी लिहितात, क्लेम अडवून धरतात. मग आपण थोडे वसूल केले तर फिटंफाट होते." यातला राग पुष्कळदा खरा असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे उत्तर नवे नाही. सतराव्या शतकात काही नीतिशास्त्रज्ञ असे मत मांडत, की आपल्या कष्टांच्या मानाने पगार कमी आहे असे नोकराला वाटले, तर त्याने मालकाकडून ती भरपाई गुपचूप काढून घ्यायला हरकत नाही. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली हे मत निषिद्ध ठरवले. कारण सरळ आहे. या न्यायालयात वादी आपण, न्यायाधीशही आपणच, आणि दुसऱ्या बाजूला तर समन्सच गेलेले नाही. असा निकाल नेहमी आपल्याच बाजूने लागतो. कंपनीने खरोखर अन्याय केला असेल तर तिच्याकडे लेखी तक्रार करता येते, विमा लोकपालाकडे जाता येते, ग्राहक आयोगाचे दार ठोठावता येते. हे मार्ग कंटाळवाणे असतील, पण ते उजेडातले आहेत.

तिसरे उत्तर, "सगळेच असे करतात." खरोखर सगळेच करत असते, तर विम्याचा हप्ता कोणालाच परवडला नसता. काहीजण करतात आणि बाकीचे करत नाहीत, म्हणून हे चालते. खोट्या क्लेमचा पैसा कंपनीच्या मालकाच्या खिशातून जातो असे आपल्याला वाटते. तो बऱ्याच अंशी पुढच्या हप्त्यांतून सगळ्यांकडून वसूल होतो, आणि त्या सगळ्यांत भाड्याची टॅक्सी चालवून घर चालवणारा माणूसही असतो. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, एवढेच.

चौथे उत्तर सर्वांत नाजूक आहे. "यात कोणाचे नुकसान आहे? मुलगा आपला, गाडी आपली, खांबही आपलाच. बाप मुलाची चूक आपल्या अंगावर घेतो, ही तर माया झाली." या उत्तरापाशी आम्ही बराच वेळ अडखळलो. माणूस प्रेमापोटी खोटे बोलतो तेव्हा त्याला ते खोटे वाटतच नाही. संत ऑगस्टीन यांनी खोटे बोलणे या विषयावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि भल्यासाठी केलेला खोटेपणाही खोटेपणाच असतो, अशी ठाम भूमिका घेतली. संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे भेद केला. दुसऱ्याचे वाईट करण्यासाठी बोललेले खोटे, कोणाच्या तरी सोयीसाठी बोललेले खोटे आणि गमतीतले खोटे, यांचे वजन सारखे नाही, असे ते म्हणतात. मात्र यांतल्या एकालाही ते खरे म्हणत नाहीत. आमच्या बाबतीत तर सोयीचे खोटेही शेवटी पैशाला जाऊन चिकटत होते. त्यामुळे आठव्या आज्ञेबरोबर सातवीही मोडत होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवेचनात खोटी बिले करण्याचा उल्लेख चोरीच्या प्रकारांत स्पष्टपणे केलेला आहे. मागच्या दाराचा जुना पोचा नव्या अपघाताच्या बिलात घालणे हे दुसरे काय होते?

आणि मायेचे म्हणाल, तर मुलाची चूक अंगावर घेणे म्हणजे तिचा खर्च, तिची लाज आणि तिची जबाबदारी त्याच्याबरोबर वाटून घेणे. आमच्या नावाने फॉर्म भरला असता तर आम्ही यातले काहीच वाटून घेतले नसते. ते सगळे आम्ही तिसऱ्याच्या माथी मारले असते, आणि त्याला मात्र एक धडा कायमचा दिला असता की कागदावर काहीही लिहिता येते, फक्त पकडले जायचे नाही.

या सगळ्याला दुसरीही बाजू आहे आणि तिच्याबद्दल बोलले नाही तर लेख अपुरा राहील. काहीजण उलट दिशेने चुकतात. आपल्या गाडीचा धक्का एखाद्या सायकलवाल्याला किंवा पायी चालणाऱ्या बाईला लागतो. आपण उतरतो, विचारपूस करतो, पाचशेची नोट हातात ठेवतो आणि "मिटवून टाकू" म्हणतो. पोलीस नको, विमा नको, बोनस जायला नको. आपल्या बंपरचा हक्क सोडायला आपण मोकळे आहोत. पण दुसऱ्याच्या हाडामांसाचा हक्क सोडून देणारे आपण कोण? आज नुसती सूज दिसते, चार दिवसांनी क्ष-किरणात हाड मोडलेले निघते. सक्तीचा विमा कायद्याने ठेवला आहे तो अशाच माणसासाठी. इजा झाली असेल तर त्याला आधी दवाखान्यात न्यावे, पोलिसांना आणि कंपनीला कळवावे आणि आपले नाव-पत्ता त्याच्याकडे द्यावा. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'नो क्लेम बोनस' हा आपल्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर असतो. दुसऱ्याला मिळणारी भरपाई वाचवून तो वाचतो, ही समजूत बरोबर नाही. जक्कय येशूला भेटल्यावर ज्यांचे लुबाडले होते त्यांना चौपट परत द्यायला तयार झाला. आपल्याला चौपटीचे कोणी सांगत नाही. जेवढे देणे लागतो तेवढ्यापासून पळू नये, इतकेच.

तसेच, ज्याने आपल्या गाडीला ठोकले त्याच्याकडून दुरुस्तीचे पैसे घ्यायचे आणि त्याच नुकसानीचा क्लेमही करायचा, हा प्रकार हुशारी म्हणून सांगितला जातो. विम्याचा हेतू नुकसान भरून काढणे हा आहे, नुकसानीवर कमाई करणे हा नाही. एकदा भरून निघालेला खड्डा दुसऱ्यांदा भरला की तिथे ढीग तयार होतो, आणि ती माती कोणाच्या तरी अंगणातून आणलेली असते.

आता पुन्हा त्या रात्रीकडे येऊ. मुलगा झोपायला गेला, तरी आम्ही दोघे जागेच होतो. आमची चूक कुठे झाली, हे हळूहळू ध्यानात आले. आमची बेरीज-वजाबाकी बरोबर होती, पण क्रम चुकला होता. आम्ही आधी विचारले, "यात आपला फायदा आहे का?" आणि उत्तर "नाही" आले म्हणून दुसरा प्रश्न, "हे खरे आहे का?", विचारायची गरजच पडली नाही. त्यामुळे आम्ही खोटे लिहिले नाही, हे जरी खरे असले, तरी त्याचे श्रेय आम्हाला नव्हते. ते श्रेय ५० टक्के बोनसचे होते. बिल साडेचौदा हजारांऐवजी पन्नास हजारांचे असते, तर त्या टेबलावर बसून आम्ही काय ठरवले असते, हे आम्हाला छातीठोकपणे सांगता येत नाही. लिहायला हे सोपे नाही. पण आपल्याच धर्मग्रामातील माणसांसमोर निदान एवढे तरी खरे सांगावे असे वाटले.

थोडक्यात जो विश्वासू असतो तो पुष्कळातही विश्वासू असतो, ही प्रभू येशूची शिकवण आपण अनेकदा ऐकली आहे. तिचा अर्थ आम्हाला पूर्वी असा वाटायचा, की लहान गोष्टींत चांगले वागल्याबद्दल देव मोठी बक्षिसे देतो. आता वाटते, तिथे एक साधी व्यवहारातली गोष्टही सांगितलेली आहे. पन्नास हजारांचा मोह समोर येईल तेव्हा सराव करायला वेळ नसतो. हात ज्या वळणाने लिहायला शिकलेला असतो, त्याच वळणाने तो लिहितो. ते वळण साडेचौदा हजारांच्या फॉर्मवरच लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आम्ही मुलाला सांगितले, "काल तू विचारलंस त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आम्ही आधी पैसे मोजले, ते चुकलं. आधी तुझं नाव त्या रकान्यात लिहायला हवं होतं, निदान मनात तरी. मग पैसे मोजायची वेळच आली नसती." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मग माझ्याकडून किती घेणार?"

त्याने सुटीत शिकवण्या करून जमवलेले होते, त्यातले दोन हजार त्याने दिले. आम्ही ते घेतले. घ्यावे की नाही, यावरही आमच्यात थोडा वाद झाला, पण शेवटी घेतले. चावी आता खिळ्यावर नसते. पुढे दर रविवारी मिस्सा झाल्यावर, 'एल'ची पाटी लावून आणि शेजारी बसून, आम्ही त्याला शिकवले. काही महिन्यांनी त्याला पक्का परवाना मिळाला.

गॅरेजमध्ये जाऊन आम्ही म्हटले, "क्लेम नाही करायचा. खिशातून भरणार आहोत." मेकॅनिकने क्षणभर पाहिले आणि म्हणाला, "मग नवा बंपर कशाला टाकता, अंकल? यालाच वेल्डिंग करून देतो. मडगार्डही ठोकून सरळ होईल." काम साडेआठ हजारांत झाले. साडेचौदा हजारांची गरज साडेआठ हजारांची कशी झाली, याचा विचार आम्ही परतताना वाटभर करत होतो. परक्याच्या पैशाने करायचे असते तेव्हा सगळे नवेच लागते.

वाचकांपैकी कोणाच्या गाडीला उद्या ओरखडा आला, तर त्यांनी जरूर हिशेब करावा. घसारा पाहावा, बोनस पाहावा, पॉलिसी वाचावी. क्लेम करायचा असेल तर तो वेळेत कळवावा, कारण उशीर झाला तर खरा क्लेमही अडचणीत येतो. फक्त कागद-पेन घेण्याआधी जे घडले ते घरातल्या सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने सांगावे. तारीख, जागा, चालक, नवे काय मोडले आणि जुने काय मोडलेले होते. तेच फॉर्मवर लिहिता येत असेल, तर खुशाल क्लेम करावा. येत नसेल, तर हिशेबाला बसू नये.

मागच्या दाराचा जुना पोचा अजून तसाच आहे. चर्चच्या आवारात गाडी लावताना तो दिसला, तर आम्ही गाडीकडे लक्ष देत नाही असे कृपया समजू नये.